बँकेच्या एपीआयला क्लायंट सर्टिफिकेट लावलं, जोडणीही होते, तरी ४०० का येतो?

खडकवासला

नमस्कार मंडळी,

आमची पुण्यातली छोटी कंपनी आहे, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करतो. ट्रान्सपोर्टरांची देणी थेट एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय) द्यायची म्हणून एका बँकेशी जोडणी चालू आहे. बँकेच्या तीन अटी आहेत. आमचा सार्वजनिक आयपी त्यांच्याकडे नोंदवायचा, विनंतीचा मजकूर एन्क्रिप्ट करून पाठवायचा आणि एमटीएलएस, म्हणजे म्युच्युअल टीएलएस: टीएलएसची (एचटीटीपीएसमागची) सुरक्षित जोडणी करताना आमच्या बाजूनेही सर्टिफिकेट दाखवायचं. पहिल्या दोन झाल्या, तिसरीत अडकलोय.

आमच्या सर्व्हरवर प्रायव्हेट की (आमच्याकडेच राहणारी गुप्त किल्ली) तयार केली, सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) बँकेला दिला, त्यांनी सही करून एक .सीईआर फाइल मेलवर परत पाठवली. की आणि ती फाइल मिळून पी१२ (दोन्ही एकत्र ठेवणारी फाइल) बनवली. क्लायंट जावा १७ वर, स्प्रिंग बूटमध्ये.

जावातून विनंती पाठवली की टीएलएस जोडणी होते, पण उत्तर ४०० (म्हणजे विनंती चुकीची) आणि एनजिनएक्स या बँकेकडच्या वेब सर्व्हरच्या पांढऱ्या पानावर 'आवश्यक सर्टिफिकेट पाठवलेलं नाही' अशा अर्थाची ओळ. तीच की आणि तेच सर्टिफिकेट कर्ल या कमांड लाइन साधनाला दिलं तरी ४००च, फक्त ओळ वेगळी: 'सर्टिफिकेटमध्ये एरर'. एकीकडे पाठवलंच नाही म्हणतो, दुसरीकडे पाठवलंय पण चालत नाही म्हणतो! बँकेचा सपोर्ट म्हणतो, आमच्याकडून सगळं ठीक आहे.

दुसरा प्रश्न पुढचा आहे. ट्रान्सपोर्टर आमच्या एपीआयवर गाडीची आणि पोचपावतीची माहिती ढकलतात. आज तिथे नुसती एपीआय की आहे. तिथेही एमटीएलएस लावावं असं वाटतंय. कुणी केलंय का?

रानवारा

दोन गोष्टी बघून इथे टाका, मग बोलू.

एक, ओपनएसएसएल या टीएलएस साधनाच्या एस_क्लायंट कमांडने बँकेच्या सर्व्हरला जोडा. जे छापून येतं त्यात खाली 'मान्य असलेल्या सीएंची नावं' अशी यादी असते (सीए म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी संस्था). सर्व्हर क्लायंटकडे सर्टिफिकेट मागताना ती पाठवतो. त्या यादीत कोण कोण आहे?

दोन, पी१२ जावाच्या कीटूलने उघडा आणि साखळीची लांबी बघा, म्हणजे आत एकावर एक सही केलेली किती सर्टिफिकेटं आहेत ते. एक आहे की जास्त?

पाटीलबुवा

धागा वाचतोय. एक मूलभूत शंका विचारतो. आयपी नोंदवलाय, मजकूर एन्क्रिप्ट केलाय, वर एचटीटीपीएस आहेच. मग हे सर्टिफिकेट नेमकं कशासाठी?

निशिगंधा

पाटीलबुवा, शंका अगदी रास्त आहे. थोडं सविस्तर लिहिते, पुढच्या चर्चेलाही उपयोगी पडेल.

आयपी नोंदवला की विनंती कुठून आली एवढंच कळतं. त्या आयपीमागे कार्यालयातली सगळी यंत्रं असतात, क्लाउडवर असाल तर एकाच नॅट गेटवेमागून वेगवेगळी अ‍ॅप्लिकेशन बाहेर पडतात. त्यातल्या कुठल्या प्रोग्रॅमने विनंती केली ते आयपी सांगू शकत नाही. एपीआय की किंवा पासवर्ड हे सांगतो, पण ते गुपित प्रत्येक विनंतीबरोबर समोरच्याला पाठवावं लागतं. वाटेत कुठल्या लॉगमध्ये पडलं, कुणी गिट रेपोमध्ये टाकलं, की त्याची नक्कल करणाऱ्यात आणि तुमच्यात सर्व्हरला काहीच फरक दिसत नाही.

क्लायंट सर्टिफिकेटमध्ये गुपित कधीच प्रवास करत नाही. सर्व्हर हँडशेकमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या बोलणीत) सर्टिफिकेट मागतो, क्लायंट ते देतो. सर्टिफिकेट उघडं असलं तरी चालतं, त्यात फक्त पब्लिक की आणि नाव असतं. त्यानंतर क्लायंट आतापर्यंत झालेल्या हँडशेकच्या संपूर्ण देवाणघेवाणीवर आपल्या प्रायव्हेट कीने सही करून पाठवतो. या संदेशाला सर्टिफिकेट व्हेरिफाय म्हणतात. ही सही त्याच जोडणीपुरती असते, पकडून पुन्हा वापरता येत नाही. म्हणून खडकवासला यांनी की आपल्याच सर्व्हरवर बनवून फक्त सीएसआर दिला ते उत्तम. काही ठिकाणी समोरची संस्थाच की बनवते आणि पीएफएक्स (पी१२ चंच दुसरं नाव) मेलवर पाठवते, पासवर्डसकट. तसं कुणी देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि सीएसआर द्या. की दुसऱ्याने बनवली असेल तर ती फक्त तुमच्याकडेच आहे हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार?

आणखी एक फरक. टीएलएस १.२ मध्ये क्लायंटचं सर्टिफिकेट हँडशेकमध्ये उघडं जातं, म्हणजे वाटेतल्या कुणालाही कोण जोडणी करतंय ते नावासकट वाचता येतं. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये ते एन्क्रिप्ट होऊन जातं. शक्य असेल तिथे १.३ चाच आग्रह धरा.

खडकवासला

रानवारा, यादीत एकच नाव आहे, बँकेच्या स्वतःच्या रूट सीएचं (साखळीतल्या सर्वांत वरच्या सीएचं). पी१२ मध्ये साखळीची लांबी १. आमच्या सर्टिफिकेटवर सही मात्र त्या रूटची नाही, तिच्या हाताखालच्या एका इश्यूइंग सीएची दिसते.

रानवारा

मग कोडं सुटलं. दोन्ही क्लायंट एकाच कारणाने पडतायत, फक्त वेगवेगळ्या जागी.

सर्व्हरने सांगितलं, 'या रूटच्या वंशातलं काहीतरी दाखव.' जावाचा की मॅनेजर पी१२ मध्ये बघतो. तिथे एकच सर्टिफिकेट, त्यावर सही इश्यूइंग सीएची, आणि ते नाव यादीत नाही. इश्यूइंग सीए त्या रूटचाच आहे हे त्याला कळायला मधली कडी फाइलमध्ये हवी, ती नाही. मग जावा एरर न देता रिकामं सर्टिफिकेट पाठवून मोकळा होतो. मानकात तशी मुभा आहे. सर्व्हर म्हणतो, काही पाठवलंच नाही.

कर्ल ओपनएसएसएलवर चालतो. तो यादी बघून गाळणी लावत नाही, दिलेलं सर्टिफिकेट तसंच पाठवतो. ते एनजिनएक्सपर्यंत पोचतं, पण त्याच्याकडे फक्त रूट आहे. तुमच्या सर्टिफिकेटपासून रूटपर्यंत साखळी जुळत नाही, म्हणून 'सर्टिफिकेटमध्ये एरर'.

बँकेच्या पोर्टलवरून इश्यूइंग सीएचं सर्टिफिकेट उतरवा. पेम (सर्टिफिकेटं मजकूररूपात ठेवणाऱ्या) फाइलमध्ये आधी तुमचं, त्याखाली इश्यूइंग सीएचं, असं ठेवून पी१२ पुन्हा बनवा. रूट घालायची गरज नाही, ती समोर आहेच. साखळीची लांबी २ दिसली पाहिजे.

आणि अशी अडचण आली की जावामध्ये जावाएक्स.नेट.डीबग ही प्रॉपर्टी एसएसएल हँडशेकसाठी चालू करायची. क्लायंटने रिकामं सर्टिफिकेट पाठवलं तर लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहून येतं.

खडकवासला

झालं! साखळी जोडल्यावर जावा आणि कर्ल दोन्हीकडून २०० (म्हणजे यश) आला. मनापासून आभार. बँकेच्या दस्तऐवजात साखळीबद्दल एक ओळ असती तर आमचाही वेळ वाचला असता आणि त्यांच्या सपोर्टचाही.

दोडामार्ग

विंडोजवाल्यांसाठी भर घालतो, कारण आमच्याकडे सगळं डॉट नेट आणि आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर).

पहिलं, पीएफएक्स. ओपनएसएसएल ३ पासून पी१२ फाइल डीफॉल्टने एईएस-२५६ एन्क्रिप्शन वापरून बनते. ती विंडोज सर्व्हर २०१६ वर इम्पोर्ट करायला गेलात तर 'पासवर्ड चुकीचा आहे' असा संदेश येतो. पासवर्ड बरोबर असतो, त्या विंडोजला ती पद्धतच कळत नाही. लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात. उलट बाजूही आहे. जुन्या विंडोजवर बनवलेली फाइल आरसी२-४० या जुन्या एन्क्रिप्शनमध्ये असते, ती ओपनएसएसएल ३ उघडत नाही, लेगसी पर्याय द्यावा लागतो.

दुसरं, परवानगी. सर्टिफिकेट लोकल मशीनच्या स्टोअरमध्ये नीट दिसतं, तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून चालवलं तर चालतं, आयआयएसमधून मात्र 'सुरक्षित चॅनल तयार करता आला नाही' असं येतं. कारण अ‍ॅप्लिकेशन पूल ज्या ओळखीने चालतो तिला प्रायव्हेट की वाचायची परवानगी नसते. एमएमसीमध्ये (विंडोजच्या व्यवस्थापन कन्सोलमध्ये) सर्टिफिकेटवर राइट क्लिक, 'मॅनेज प्रायव्हेट कीज', तिथे त्या पूलला रीड द्या.

तिसरं, तुमचा आयआयएस सर्व्हरच्या बाजूला असेल तर ४०३ (प्रवेश नाही) या एररच्या पुढचा आकडा बघायला विसरू नका. ४०३.७ म्हणजे सर्टिफिकेट आलंच नाही, ४०३.१३ म्हणजे रद्द झालेलं किंवा रद्द आहे का ते तपासता आलं नाही, ४०३.१६ म्हणजे विश्वास नाही, ४०३.१७ म्हणजे मुदत संपलेली किंवा अजून सुरू न झालेली. ४०३.१६ आला आणि सगळं ठीक दिसतंय, तर ट्रस्टेड रूट स्टोअरमध्ये कुणी इंटरमीजिएट (रूटखालच्या सीएचं) सर्टिफिकेट टाकलंय का ते बघा. त्या स्टोअरमध्ये स्वतःच स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेटच असायला हवं. एखादं दुसरं शिरलं की क्लायंट तपासणी बिघडते.

मुळामुठा

आमच्याकडे वेगळंच निघालं होतं. बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक कार्यालयाच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जायचा आणि प्रॉक्सी टीएलएस मध्येच उघडून तपासायचा. प्रॉक्सीने बँकेशी नवी जोडणी केली की त्याच्याकडे आमची प्रायव्हेट की कुठून येणार? घरून चालायचं, कार्यालयातून नाही. शेवटी नेटवर्कवाल्यांकडून बँकेचं होस्टनेम तपासणीतून वगळून घेतलं. दुसरा उपाय नाहीच. मधला माणूस पकडणं हेच तर एमटीएलएसचं काम.

निशिगंधा

हो, आणि अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं की कोडमध्ये सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तपासणी बंद करा, कर्लला उणे के द्या. कृपा करून तसं करू नका. म्युच्युअलमधली निम्मी बाजू तुम्ही तिथेच सोडून देता. सही त्या जोडणीला बांधलेली असल्यामुळे मधल्या चोराला ती पुढे बँकेकडे वापरता येत नाही, हे खरं. पण तो स्वतः बँक बनून तुमची विनंती घेऊ शकतो आणि 'पैसे दिले' असं खोटं उत्तरही देऊ शकतो. पैशांच्या व्यवहारात हे परवडणारं नाही.

आता खडकवासला यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. एमटीएलएस लावणारे बहुतेक लोक क्लायंटच्या बाजूला धडपडतात आणि सर्व्हरची बाजू 'एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट ऑन' लिहून झाली असं समजतात. ती ओळ लिहिल्यावर एनजिनएक्स एवढंच तपासतो: आलेलं सर्टिफिकेट मी दिलेल्या सीएंपैकी कुणाच्या तरी साखळीतलं आहे का, त्याची मुदत चालू आहे का, आणि समोरच्याकडे त्याची की आहे का. हा ट्रान्सपोर्टर कोण, त्याला कुठल्या गाड्यांची माहिती टाकायचा हक्क आहे, हे एनजिनएक्सला माहीत नाही, असायचं कारणही नाही. ते तुमच्या अ‍ॅप्लिकेशनने बघायचं. ओळख पटली म्हणून दार उघडणारी व्यवस्था केली तर 'अ' ट्रान्सपोर्टर आपलं खरंखुरं, वैध सर्टिफिकेट दाखवून 'ब' च्या गाडीची पोचपावती टाकेल आणि तुमच्या लॉगमध्ये सगळं हिरवंगार दिसेल.

म्हणून तीन ठिकाणी लक्ष द्या.

विश्वास कुणावर, हे आधी ठरवा. ट्रस्टमध्ये (विश्वासू सीएंच्या यादीत) सार्वजनिक सीए अजिबात टाकू नका. टाकलात तर त्या सीएकडून सर्टिफिकेट घेतलेलं जगातलं कुणीही तुमचा हँडशेक पार करतं. स्वतःची खाजगी सीए काढा. रूटची की ऑफलाइन, तिच्या हाताखाली एक इश्यूइंग सीए, आणि ती फक्त तुमच्या ट्रान्सपोर्टरांना सर्टिफिकेट देईल. स्टेप-सीए किंवा व्हॉल्टचं पीकेआय इंजिन, ही सीए चालवायची सॉफ्टवेअर यासाठी पुरेशी आहेत. हाताने ओपनएसएसएलच्या कमांड मारत बसायची गरज नाही.

दुसरी जागा म्हणजे प्रॉक्सी (इथे एनजिनएक्स) आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यामधली. टीएलएस एनजिनएक्सवर संपतं. आत जावाला सर्टिफिकेट दिसत नाही, एनजिनएक्स ते हेडरमध्ये (विनंतीला जोडलेल्या माहितीत) घालून पाठवतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने ओळखपत्र बघून वर चिठ्ठी पाठवावी तसं. पण बाहेरून येणाऱ्यानेच तशी चिठ्ठी लिहून आणली तर? क्लायंटने त्याच नावाचा हेडर स्वतः घालून पाठवला आणि एनजिनएक्सने तो तसाच पुढे जाऊ दिला, तर सर्टिफिकेटशिवाय कुणीही कुणाच्याही नावाने आत येतं. त्यामुळे तो हेडर प्रॉक्सीवर प्रत्येक विनंतीत सक्तीने पुन्हा लिहा, सर्टिफिकेट नसेल तर रिकामा लिहा. आणि अ‍ॅप्लिकेशनचं पोर्ट एनजिनएक्सशिवाय दुसऱ्या कुणाला पोचता येणार नाही असं ठेवा. या हेडरसाठी २०२३ मध्ये आरएफसी ९४४० हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज आला, त्यात 'क्लायंट-सर्ट' असं नाव ठरलंय. शक्य तिथे तेच वापरा.

तिसरी जागा अ‍ॅप्लिकेशन. सर्टिफिकेटमधल्या कुठल्या गोष्टीवरून ट्रान्सपोर्टर ओळखायचा ते नक्की करा. फिंगरप्रिंट (त्या एका सर्टिफिकेटचा ठसा) साठवलात तर दर नूतनीकरणाला डेटाबेस बदलावा लागेल. सब्जेक्टमध्ये किंवा पर्यायी नावांच्या रकान्यात तुम्हीच दिलेला ट्रान्सपोर्टर क्रमांक ठेवा आणि तोच शोधा. खाजगी सीए तुमची आहे, म्हणून त्या नावावर भरवसा ठेवता येतो. सार्वजनिक सीए असती तर नुसत्या नावावर हे करता आलं नसतं.

लेखापाल

मी सनदी लेखापाल आहे, तांत्रिक माणूस नाही, पण धागा आवडीने वाचतोय. आमच्या प्रत्येक ग्राहकाकडे जीएसटी, आयकर, एमसीएसाठी (कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय) क्लास ३ डीएससी, म्हणजे डिजिटल सही सर्टिफिकेट, असतंच. ट्रान्सपोर्टरांकडेही असेल. तेच इथे का वापरू नये? सरकारमान्य आहे, ओळख पडताळलेली आहे.

निशिगंधा

चांगला मुद्दा आहे, साहेब. तांत्रिकदृष्ट्या डीएससीही टीएलएसमध्ये वापरतात तसंच एक्स.५०९ सर्टिफिकेट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज (सीसीए) यांनी परवाना दिलेल्या संस्था ते देतात. पण ते माणसाने सही करण्यासाठी आहे. की यूएसबी टोकनमध्ये बंद असते, बाहेर काढता येत नाही, आणि पिन टाकायला माणूस लागतो. रात्री दोन वाजता गाडीची माहिती पाठवणाऱ्या सर्व्हरला पिन कोण देणार? शिवाय डीएससी मालकाच्या वैयक्तिक नावाचं असतं. त्याच टोकनने तो आयकर विवरणपत्रावर सही करतो. ते कायमचं सर्व्हरला खोचून ठेवणं म्हणजे नको त्या माणसाच्या हाती सही देणं.

आणि वर लिहिलेलंच पुन्हा: सीसीएची रूट ट्रस्टमध्ये टाकली की देशातलं प्रत्येक डीएससीधारक तुमचा हँडशेक पार करणार.

लेखापाल

समजलं. टोकन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्यावरच चिकटवलेली, हे रोज बघतो. त्यात सर्व्हरची भर नको. धन्यवाद, ताई.

रानवारा

सार्वजनिक सीएचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. आजवर अनेक जण वेबसाइटचंच सर्टिफिकेट क्लायंट म्हणूनही वापरत होते. लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक सीएचं घेतलं की त्यात 'एक्स्टेंडेड की यूसेज' या रकान्यात सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही उपयोग असायचे, म्हणून ते चालून जायचं. ते दिवस संपले. क्रोम ब्राउझरच्या रूट धोरणाने (कुठल्या सीएंवर विश्वास ठेवायचा याच्या नियमांनी) वेबसाइटच्या सर्टिफिकेटांमध्ये फक्त सर्व्हरचा उपयोग ठेवायला लावलंय. लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्येच जाहीर केलं की २०२६ मध्ये क्लायंटचा उपयोग काढून टाकू. बाकीच्या मोठ्या सीएही त्याच वाटेने जातायत.

याचा फटका कसा बसतो बघा. सर्टिफिकेट आपोआप नूतनीकरण होतं, वेबसाइट मजेत चालते, आणि दुसऱ्या दिवशी भागीदाराच्या एपीआयकडून नकार. मुदत ठीक, साखळी ठीक, नाव ठीक. नुसता एक उपयोग गायब. ज्यांची अशी जोडणी असेल त्यांनी आजच ओपनएसएसएलने सर्टिफिकेट उघडून तो रकाना वाचा.

मुदतीचंही तेच. सीए आणि ब्राउझरवाल्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की सार्वजनिक टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. ज्या बँका सर्टिफिकेट मेलवर मागवून हाताने नोंदवतात त्यांनी सार्वजनिक सर्टिफिकेटवरच राहायचं ठरवलं तर महिन्या-दीड महिन्याला हेच काम. खाजगी सीएला हा नियम लागू नाही, म्हणूनही निशिगंधा यांचा सल्ला योग्य.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय, ओपन बँकिंगमध्ये (ग्राहकाच्या संमतीने इतर कंपन्यांना बँकेचा एपीआय खुला करणं) काम करतो. इथलं चित्र थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची पुढची पायरी इथे रोजची आहे.

युरोपात पीएसडी२ या पेमेंट सेवांच्या कायद्याची तांत्रिक मानकं १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. बँकेच्या एपीआयला जोडणाऱ्या त्रयस्थ कंपनीला ईआयडीएएस या इलेक्ट्रॉनिक ओळखीच्या युरोपीय नियमाखालचं क्वालिफाइड सर्टिफिकेट दाखवावं लागतं. त्यात कंपनीचा परवाना क्रमांक आणि तिला कुठल्या भूमिकेचा परवाना आहे, खात्याची माहिती वाचायचा की पैसे द्यायचा, हेही लिहिलेलं असतं. तरीही बँका तेवढ्यावर थांबत नाहीत, ग्राहकाची संमती वेगळी तपासतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश कंपन्यांची ती सर्टिफिकेटं बाद झाली आणि इथल्या नियामकाला दुसऱ्या प्रकारची चालवून घ्यावी लागली. विश्वासाची साखळी दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं त्याचं हे मोठं उदाहरण.

दुसरं म्हणजे टोकन. ओऑथ (टोकन देऊन प्रवेश देण्याची पद्धत) वापरत असाल तर २०२० चा आरएफसी ८७०५ जरूर वाचा. त्यात अ‍ॅक्सेस टोकनमध्येच क्लायंट सर्टिफिकेटचा शा-२५६ ठसा घालतात. टोकन वापरताना एपीआय बघतो की जोडणी त्याच सर्टिफिकेटने झालीये का. टोकन कुठे गळलं तरी चोराला उपयोग शून्य, कारण की त्याच्याकडे नाही. इथे मात्र फिंगरप्रिंटच हवा, नाव नको. टोकन काही मिनिटं जगतं, नूतनीकरणाचा त्रास होत नाही.

पाटीलबुवा

आणि एखाद्याची की खरंच चोरीला गेली तर? सर्टिफिकेट रद्द कसं करायचं?

दोडामार्ग

एनजिनएक्समध्ये सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) फाइल देता येते, पण दोन खाचखळगे आहेत. साखळीतल्या प्रत्येक सीएची सीआरएल त्याच फाइलमध्ये लागते. फक्त इश्यूइंग सीएची दिली आणि रूटची विसरलात तर सगळेच नाकारले जातात. आणि सीआरएललाही मुदत असते. ती उलटली की एका चोरासाठी केलेल्या सोयीने सगळे प्रामाणिक ट्रान्सपोर्टर बाहेर. सीआरएल ताजी करून एनजिनएक्स रीलोड करणारं काम आपोआप चालतं ना, त्यावर पहारा ठेवा.

निशिगंधा

खडकवासला यांच्या आकाराच्या कामाला मी सोपा रस्ता सुचवेन. अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये ट्रान्सपोर्टरच्या नोंदीपुढे 'चालू' किंवा 'बंद', आणि रद्द केलेल्या सर्टिफिकेटांचे क्रमांक. प्रत्येक विनंतीला आपण तो ट्रान्सपोर्टर शोधतोच, तिथेच हेही बघायचं. बंद केलं की पुढच्याच विनंतीपासून बंद. जोडीला मुदत ९० दिवसांची ठेवा, म्हणजे नजरेतून सुटलेलं सर्टिफिकेटही फार काळ जगत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी जुनं आणि नवं दोन्ही काही दिवस एकत्र चालू द्या. 'रविवारी रात्री बारा वाजता दोघांनी एकदम बदलायचं' असा बेत करू नका, ट्रान्सपोर्टरांचा आयटीवाला त्या वेळी जागा असेलच असं नाही.

आणि एमटीएलएसला स्वतंत्र होस्टनेम द्या. हँडशेकच्या वेळी सर्व्हरला होस्टनेम कळतं, यूआरएलचा पुढचा भाग (पाथ) नाही. टीएलएस १.२ मध्ये पाथ बघून नंतर पुन्हा हँडशेक करता यायचा. १.३ मधून ते काढून टाकलंय, आणि जोडणीनंतर सर्टिफिकेट मागायची जी नवी सोय आहे तिला एचटीटीपी/२ वर बंदी आहे. 'फक्त या पाथला सर्टिफिकेट' हा हट्ट सोडलेला बरा. एकाच आयपीवर बरेच सर्व्हर ब्लॉक असतील तर एनजिनएक्सची आवृत्तीही बघा. सेशन रिझम्प्शनच्या (आधीची जोडणी पुन्हा सुरू करण्याच्या) आडून क्लायंट तपासणी चुकवता येण्याची एक त्रुटी फेब्रुवारी २०२५ मध्ये १.२६.३ आणि १.२७.४ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली.

खडकवासला

भरभरून मिळालं. आमचं ठरलंय ते सांगतो. एमटीएलएससाठी वेगळं होस्टनेम, स्टेप-सीएवर खाजगी सीए, सर्टिफिकेटमध्ये ट्रान्सपोर्टर क्रमांक, मुदत ९० दिवस. आधी दोन मोठ्या ट्रान्सपोर्टरांना घेणार. तोवर बाकीच्यांची जुनी एपीआय की चालू ठेवायची म्हणून एनजिनएक्समध्ये 'ऑन' ऐवजी 'ऑप्शनल' ठेवायचा विचार आहे. चालेल ना?

रानवारा

चालेल, पण 'ऑप्शनल'मध्ये सर्टिफिकेट न देणाऱ्यालाही एनजिनएक्स आत सोडतो, हे धरूनच कोड लिहा. 'एसएसएल_क्लायंट_व्हेरिफाय' हा व्हेरिएबल अ‍ॅप्लिकेशनकडे पाठवा. सर्टिफिकेट नसेल तर त्यात 'नन' येतं, पटलं तर 'सक्सेस'. अ‍ॅप्लिकेशनमध्ये नेमकं 'सक्सेस' असेल तरच ट्रान्सपोर्टर क्रमांक वाचा, बाकी काहीही असलं तरी तो रकाना नाहीच असं समजा. आणि 'ऑप्शनल_नो_सीए' नावाचा पर्याय चुकूनही निवडू नका, त्यात सर्टिफिकेट आपल्या सीएच्या साखळीतलं नसलं तरी विनंती आत येते.

ज्या ट्रान्सपोर्टरचं एमटीएलएस सुरू झालं त्याची जुनी एपीआय की त्याच दिवशी बंद करा. दोन्ही दारं उघडी राहिली तर चोर जुन्याच दाराने येईल. दोन्ही ट्रान्सपोर्टर चालू झाले की इथे कळवा, लॉगमध्ये काय दिसतं ते मिळून बघू.